धाकटीची अर्धी पुडी

१२ डिसेंबर १९९५. पुड्या बांधायच्या होत्या. एक पुडी पन्नास ग्रॅमची, एका म्हशीला महिन्याच्या तीस, आणि म्हशी बारा. मदतनीस रजेवर होता, म्हणून मी आणि जीपचा ड्रायव्हर असे दोघंच टेबलाला बसलो. मी तराजूवर पूड मोजायची, त्याने कागदाला घडी घालायची. पूड राखाडी, बारीक, नाकात गेली की शिंका थांबत नाहीत. ड्रायव्हर मूळचा खानदेशातला. सुरतेत गोडादऱ्यात राहायचा, कापडाच्या लूमवर काही वर्षं काढून मग जीपवर आला होता. दुपारपर्यंत तो कंटाळला.

"ताई, आमना घर चहानी पुडीबी इतकी मोजीसन कोनी बांधत नही."

"तुमच्या घरी चहावर प्रयोग चालू नाही," मी म्हटलं आणि पुढची पुडी मोजायला घेतली.

सुरतजवळच्या एका कृषी संशोधन केंद्रात मी तांत्रिक सहायक होते. नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून आम्ही इथे आलो, आणि घरी बसणं मला जमत नाही म्हणून मी ही नोकरी धरली. जनावरं मला नवी नव्हती, माझ्या माहेरी म्हशी होत्या. केंद्रातले बहुतेक प्रयोग केंद्राच्याच आवारात चालायचे. तिथल्या म्हशींना वेळेवर चारा, वेळेवर पाणी, नोंदी ठेवायला माणूस. तिथे जे सिद्ध व्हायचं ते गावात टिकेलच असं नव्हतं. म्हणून हा प्रयोग शेतकऱ्यांच्या गोठ्यात करायचा ठरला आणि पहिल्यांदाच तो सगळा माझ्याकडे आला.

प्रयोग साधा होता. उसाच्या पट्ट्यातल्या त्या गावात म्हशींना उसाचं वाढं आणि भाताचा पेंढा यांपलीकडे फारसं मिळत नव्हतं. पोट भरायचं, पण अंगात क्षार कमी पडायचे. म्हशी व्याल्यावर वर्ष वर्ष माजावर येत नसत. माजावर नाही म्हणजे गाभण नाही, गाभण नाही म्हणजे पुढे दूध नाही. रोज पन्नास ग्रॅम क्षारमिश्रण दिलं तर फरक पडतो का, हे पाहायचं होतं. फरक दिसला तर गावची दूध मंडळी ते मिश्रण सगळ्यांसाठी ठेवणार होती. ज्या घरात दोन म्हशी अशा माजावर न येता अडकून पडल्या होत्या अशी बारा घरं आम्ही निवडली. चिठ्ठी टाकून एका म्हशीला पूड, दुसरीला नाही. गोठा एक, चारा एक, वाढणारा हात एक, फरक फक्त पुडीचा. कागदावर याहून चांगली जोडी जमत नाही. पूड दिली की रिकामा कागद जपून ठेवायचा आणि मला परत द्यायचा. पहिल्या महिन्याचे सगळे कागद परत आले होते, मोजून. मी खूष होते.

दुसऱ्या दिवशी पुड्या पोचवायला निघालो. ऊसतोड सुरू होती, उशीर केला की ट्रकांच्या मागे तास तास अडकावं लागे. म्हणून ड्रायव्हरने मला पर्वत पाटियाला, माझ्या घराशी, नेहमीपेक्षा दीड तास आधी उचललं. गावात पोचलो तेव्हा धारा चालू होत्या. आजवर मी कधी धारांच्या वेळी गेले नव्हते. ती माझी पहिली चूक. दुसरी चूक मोठी होती, ती मासीच्या गोठ्यात दिसली.

मासी म्हणजे साठीची विधवा बाई. गावात तिला सगळेच मासी, म्हणजे मावशी, म्हणत, मीही म्हणायचे. तिच्या दोन म्हशींना ती मोठी आणि धाकटी म्हणायची, सुनांना म्हणावं तसं. चिठ्ठी मोठीची निघाली होती, पूड मोठीला. मी गोठ्याच्या दारात उभी राहिले तेव्हा मासीची माझ्याकडे पाठ होती. दोन घमेल्यांत आंबोण कालवलेलं होतं. तिने पुडी फाडली, अर्धी पूड मोठीच्या घमेल्यात टाकली, उरलेली धाकटीच्या. मग वाकून दोन्हीकडे पाहिलं, मोठीच्या घमेल्यातून चिमूटभर उचलली आणि धाकटीच्यात टाकली. बरोबर झालं असं तिला वाटलं असावं, कारण मग तिने हात पदराला पुसला. रिकाम्या कागदाची घडी घालून तो खुंटीवरच्या पिशवीत ठेवला. माझ्यासाठी.

"मासी," मी म्हटलं, "हे रोज असंच?"

ती दचकली नाही. मागे वळून म्हणाली, "आव बेन. चहा टाकते."

"चहा राहू द्या. पूड एकीलाच द्यायची, असं ठरलं होतं."

"हो. तुझं ठरलं होतं."

"मग?"

तिने दोन्ही म्हशींकडे हात केला. खुंटे इतके जवळ की एकीची शिंगं दुसरीला लागावीत. "एकने आपुं ने बीजी जोया करे?" एकीला देऊ आणि दुसरीने बघत बसायचं? तिच्या आवाजात सारवासारव नव्हती, वाद नव्हता. एवढं शिकलेल्या बाईला हे सांगावं लागतं याचं आश्चर्य होतं.

"बघू दे ना," मी म्हटलं. "बघून काय होतं?"

"तुझ्या घरी कर मग तसं."

मागे ड्रायव्हर येऊन उभा होता. तो हसू दाबत म्हणाला, "ताई, तुमना घर दोन पाव्हना उनात, ते एकलेच जेवाले वाढतस का?"

मी त्याला जीपकडे पाठवलं. पण त्याने बरोबर वर्मावर बोट ठेवलं होतं. आमच्या माहेरी पंक्तीत तूप पुरेनासं दिसलं तर आई कुणालाच वाढत नसे. पंक्तिप्रपंच करणारीच्या हातचं पाणीही पिऊ नये, असं ती म्हणायची. मीही आजपर्यंत एका ताटाला एक आणि दुसऱ्याला दुसरं असं कधी वाढलेलं नाही. आणि हेच मी बारा घरांतल्या बारा बायकांना रोज करायला सांगून आले होते, तेही हसत हसत, प्रयोग म्हणून.

मग मासीने खरं कारण सांगितलं. तिचा मुलगा सचिन नावाच्या गावी कारखान्यात कामाला जायचा. धाकटी व्यायली त्याला सव्वा वर्ष झालं होतं, दूध आटत आलं होतं, माजाचं चिन्ह नव्हतं. उतराण, म्हणजे संक्रांत, झाली की व्यापाऱ्याला बोलावून धाकटी विकायची, असं मुलाने सांगून टाकलं होतं. भाकड म्हैस कुठे जाते हे मासीला माहीत होतं, मलाही. "चिठ्ठी मोठीची निघाली," मासी म्हणाली, "पण घाई धाकटीला आहे. तुझ्या चिठ्ठीला काय कळतं?"

मी बाहेर आले. पुड्यांचं पोतं जीपमध्येच ठेवलं आणि तशीच बाकीच्या अकरा घरी गेले. चोरी केलीत का, असं विचारलं असतं तर एकही बाई खरं बोलली नसती. म्हणून मी विचारलं, "पूड घालताना दुसरी बघते, तेव्हा काय करता?" प्रश्न ऐकला की बायका हसायच्या आणि सांगून टाकायच्या. आठ घरांत पुडी वाटली जात होती. एका घरात तर सगळी पूड दुसरीलाच जात होती, कारण ती जास्त वाळली होती आणि "हिला काय, ही कुठेही तोंड घालते." फक्त दोन घरांत सांगितल्याप्रमाणे चाललं होतं. एका घरी आंबोण पुरुष घालायचा, दुसऱ्या घरी एक म्हैस शेतावर बांधलेली होती.

केंद्रात परत आल्यावर साहेबांना सगळं सांगितलं. साहेब म्हणजे आमचे पशुपोषणाचे शास्त्रज्ञ, माणूस चांगला, पण वर अहवाल पाठवायची धास्ती असलेला. ते बराच वेळ पेन्सिल फिरवत बसले.

"कागद सगळे परत आलेत ना?"

"आलेत."

"मग तुम्ही इतक्या सकाळी तिथे गेलातच कशाला?" अर्धी थट्टा होती, अर्धी नव्हती.

"गेले नसते तरी पूड दोघींच्याच पोटात गेली असती. मग आपण छापलं असतं की क्षारांनी काही फरक पडत नाही. गावाला मिश्रण मिळालं नसतं."

त्यांनी पेन्सिल ठेवली. "दोन महिने वाया."

"वाया नाही. एका गोठ्यात दोन वाटण्या चालत नाहीत, एवढं कळलं. केंद्रात हे कधी कळलं नसतं. इथले मजूर पगारी आहेत."

मग मी माझं म्हणणं मांडलं. जोडी म्हशींची करायची नाही, फळियांची करायची. फळिया म्हणजे गावातली वस्ती. गावाला अशा दोन फळिया होत्या, मध्ये ओढा. एका फळियातल्या सगळ्या म्हशींना आत्ता पूड, दुसऱ्या फळियातल्या सगळ्यांना तीन महिन्यांनी. मिळणार सगळ्यांना, फक्त पुढे मागे. एका गोठ्यातली एकही म्हैस बघत बसणार नाही.

"पण ओढ्यापलीकडच्या बायका?"

"पंगत मोठी असली की दुसऱ्या पंक्तीला थांबतात लोक. त्याला कुणी नावं ठेवत नाही. पहिल्याच पंक्तीत एकाला वगळलं तर ठेवतात."

साहेब हसले. "हे आधी का नाही सुचलं तुम्हाला?"

"आधी आपण म्हशी मोजल्या. बायकांना विचारलं नाही."

जुनी बारा घरं नव्या प्रयोगातून वगळावी लागली. ज्या म्हशीने अर्धी पुडी खाल्ली, तिला खाल्लेली धरता येत नाही आणि न खाल्लेलीही धरता येत नाही. उरलेल्या दोनच जोड्यांवर प्रयोग उभा राहत नाही, म्हणून वहीत बाराही जोड्यांवर मी लाल रेघ मारली, कारण लिहिलं, खाली सही केली. जिवावर आलं, खोटं कशाला बोलू. पण रेघ मारताना एक गोष्ट सरळ दिसली. मासीची घमेली आता प्रयोगात नव्हती, तर तिथे अर्धी अर्धी करायचं कारणही उरलं नव्हतं. बांधलेल्या पुड्या पडून होत्याच, तेवढ्याच आणखी बांधल्या. साहेबांना विचारून मी त्या जुन्या बारा घरांत दोन्ही म्हशींना पुरतील अशा वाटल्या. मासीच्या हातात साठ पुड्यांची पिशवी दिली आणि म्हटलं, "आता एकेकीला अख्खी. आणि म्हैस माजावर येऊन बोलली की लगेच निरोप द्या."

"बोलेल ना?"

"ते मी सांगू शकत नाही."

"मग कोण सांगणार?"

"धाकटीच."

उतराणच्या दोन दिवस आधी दूध मंडळीच्या फोनवरून केंद्रात निरोप आला. मासीची धाकटी सकाळपासून हंबरतेय, थांबत नाही. कृत्रिम रेतन करणारा माणूस दुपारीच जाऊन आला. पण रेतन झालं म्हणजे गाभण राहिली असं नाही. मासीने मुलाला कसं थोपवलं ते मला नंतर कळलं. व्यापारी आला तेव्हा ती गोठ्याच्या दारातच गवऱ्या थापत बसली आणि दिवसभर उठली नाही. शेवटी मुलगा म्हणाला, डॉक्टरची तपासणी होईपर्यंत थांबतो, पुढे नाही.

तपासणी एप्रिलच्या सुरुवातीला झाली. मीही गेले होते, धारांच्या वेळी. मुलगा पाळीवर जायच्या कपड्यांत, डबा हातात घेऊन उभा. डॉक्टरांनी खांद्यापर्यंत हात घातला आणि भिंतीकडे बघत उभे राहिले. मासी मोठीच्या पाठीवर हात ठेवून होती, धाकटीकडे बघतच नव्हती. बऱ्याच वेळाने डॉक्टर म्हणाले, "आहे. अडीच पावणेतीन महिन्यांची."

मुलगा डबा दुसऱ्या हातात घेऊन म्हणाला, "चला, मला बस गाठायचीय." दारातून परत आईकडे वळला. "बा, तिला ती पावडर चालू ठेवायचीय ना अजून?"

"तूच विचार बेनला," मासी म्हणाली.

एका म्हशीवरून काही सिद्ध होत नाही. हिवाळा हा म्हशींचा माजाचा काळच असतो, धाकटी पुडीवाचूनही आली असती कदाचित. हे मी मासीला सांगितलं, तिने ऐकून घेतलं आणि मला गुळाचा खडा दिला. पण पूड आधी मिळालेल्या ओढ्याअलीकडच्या फळियातल्या नोंदी माझ्या वहीत होत्या, पलीकडच्याही होत्या, आणि दोन्ही पानं शेजारी ठेवली की साहेबसुद्धा पेन्सिल फिरवायचे थांबत. आता पलीकडच्या पंक्तीची पाळी होती. परत निघताना मासीने विचारलं, त्या सगळ्या बायकांसाठी तू इतक्या पुड्या बांधत बसणार? मी म्हटलं, दुसरा उपाय नाही. ती म्हणाली, "वाटीने दे ना. वाटी सगळ्यांना कळते."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोळ्या झाल्यावर मी फळीवरची तुपाची वाटी घासून पुसून पर्समध्ये टाकली. केंद्रात गेल्या गेल्या पूड सपाट भरून तराजूवर ठेवली. बावन्न ग्रॅम. पुन्हा भरली, पन्नास. तिसऱ्यांदा एक्कावन्न. मग ड्रायव्हरला हाक मारली आणि आम्ही दोघं भांड्यांच्या बाजारात गेलो, तसल्याच मापाच्या वाट्या शोधायला.