बापानं वाढवलेली दोन वर्षं

घाडीमामांना वय विचारलं की ते उलट विचारायचे, "कागदावरचा सांगू की आयशीचा?" कागदावर सत्तावन्न, आईच्या हिशेबानं एकोणसाठ. गिरणीत कामाला असलेल्या वडिलांनी शाळेत नाव घालताना पोराचं वय दोन वर्षांनी कमी लावलं होतं; नोकरी तेवढीच लांबेल म्हणून. ते स्वतः निवृत्तीआधीच गेले, मामांचा थोरला भाऊही. "बापाशीन नोकरी वाढयल्यान, पण आयुष्य खंयसून आणतलो?" असं म्हणून मामा स्वतःच हसायचे.

आमच्या परळच्या कचेरीत ते रेकॉर्ड सांभाळत आणि मी आस्थापनेचं, म्हणजे नोकरवर्गाच्या रजा-निवृत्तीच्या कागदांचं टेबल. कपाटांना नंबर होते, पण ते शोभेला. मी फाइलीचं नाव काढायचा अवकाश, मामा ती पुसून हातात ठेवत, वर 'बाय' म्हणत मी जेवले की नाही याची चौकशी.

राहायचे घोडपदेवला, पुतण्याकडे. मामी गावी, मालवणजवळ. आधी सासूची सेवा, मग घर आणि गुरं. तीस वर्षांचा संसार गणपती आणि शिमग्याच्या रजेत उरकलेला. एके दिवशी मामांनी माझ्यापुढे स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज ठेवला. खऱ्या वयानं आपली सेवा केव्हाच संपली, आता तिच्याबरोबर चार दिवस राहू दे, म्हणाले.

मी समजूतदारपणाचा आव आणला. वर्षच तर राहिलंय मामा, सन्मानानं निरोप घ्या, असं मध्येच काय जाता? खरं कारण वेगळं होतं. कचेरी दुसऱ्या इमारतीत हलायची होती आणि मामांशिवाय त्या रेकॉर्डात मी आंधळी होते.

"बरा. तुमी सांगतास म्हणजे योग्यच असतला."

अर्ज मी ड्रॉवरमध्ये सारला. सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल केलंच पाहिजे.

निवृत्तीला सात महिने उरले असताना एका सकाळी मामा कामावर आले नाहीत. आंघोळीला उठले आणि तिथंच कोसळले, असं पुतण्यानं फोनवर सांगितलं. अर्ज वेळेवर वर पाठवला असता तर मरण कदाचित चुकलं नसतं. पण ते त्यांच्या घरी, मामींच्या देखत आलं असतं. एवढंही मी त्यांना लाभू दिलं नाही.

पंधरवड्यानं मामी कागदांवर सह्या करायला आल्या. मी त्यांना प्रथमच पाहत होते. फॉर्म मीच भरला, त्यांनी सावकाश नाव गिरवलं. मग माझा हात धरून म्हणाल्या, "'बायचा काम अर्ध्यार सोडून कसो येव?' म्हणत फोनार. तुमची खूप माया होती तेंच्यार, नाय?"

मी "हो" म्हणाले.