तुळजाकाकूची चुनी

आमच्या घरात दोनच प्रकारची माणसं. बाबांना भिणारी, आणि तुळजाकाकू. मी तिची पुतणी, तेव्हा बाजू कोणाची घेणार ते आधीच सांगून टाकते.

माझे बाबा अण्णाराव म्हणजे तिचे थोरले दीर. देवणी जातीचा वळू पाळणारा माणूस स्वतःला जरा जास्तच समजतो, आणि बाबांचा वळू तर प्रदर्शनात नंबर काढणारा. काका वारले तेव्हा काकूच्या वाट्याची जमीन बाबांकडेच राहिली. तिच्या हातात उरली ती माहेरच्या भावाने दिलेली मेंढरं. आपल्या घरात मेंढरं शोभत नाहीत, म्हणून बाबांनी पहिल्या दिवसापासून नाक मुरडलं.

यंदा पाऊस लवकर आटोपला. बांधावरचं गवत दिवाळीआधीच कापून वाळवून ठेवावं लागलं. मेंढ्या गाभण होत्या. वाळल्या गवताने त्यांची पोटं टम्म दिसायची, पण पाठीवर हात ठेवला की लोकरीखालचे मणके बोटांना टोचायचे. काकूने करडीच्या पेंडेचं पोतं उघडलं आणि बाबा धावून आले.

"पेंड वळूसाठी हाय. मेंढरं गवतावर जगतेत."

"तुमीच म्हंता की भावजी, कडब्यानं नुसतं पोट भरतंय, अंगाला पेंडच लागती," काकू म्हणाली. "मेंढराला अंग न्हाई का?"

बाबांनी पेंडेच्या खोलीला कुलूप घातलं. वर बजावलं, येळवशीला उदगीरचा व्यापारी बोलावतो, सगळी मेंढरं देऊन टाकू. येळवस म्हणजे आमची वेळ अमावस्या, शेतात पूजा करून तिथेच जेवायचा सण. महिन्यावर आली होती.

काकू रडली नाही. रडायचा तिला कंटाळा आहे. आमच्या गावात तूर जी बाई भरडते, चुनी तिची. डाळ ज्याची त्याला परत, आणि खाली उरलेली कणी, टरफलं भरडणारीच्या सुपात. हल्ली सगळीकडे गिरणीचीच डाळ, तरी म्हाताऱ्या बायांना जात्यावरचीच गोड लागते. काकूने त्यांच्या घरोघरी जाऊन तूर मागून आणली. तिचे दंड सुजले, तळहाताला फोड आले. रोज संध्याकाळी गवतानंतर प्रत्येक मेंढीपुढे भिजवलेली चुनी ओंजळ-ओंजळ पडू लागली.

मग गंमत झाली. मेंढ्या गवतही जास्त खाऊ लागल्या.

"आता गवत बी संपवायलेत," बाबा करवादले.

"खायलेत म्हंजे पचायलंय," काकू म्हणाली.

बाबांनी शेवटचा डाव टाकला. "आजपासून आपल्या घरच्या तुरीची चुनी वळूला."

"मग आपल्या घरची तूर वळूकडून भरडून घ्या."

मला हसू आवरेना. माझी आई, पारूबाई, मात्र खाली बघत भाकरी थापत राहिली. बाबांसमोर तिने तोंड उघडलेलं मी तरी पाहिलं नव्हतं.

येळवशीला सगळं गणगोत शेतात जमलं. कडब्याच्या कोपीत, त्या छोट्या खोपटात, पूजा झाली, हिरव्या दाण्यांची भज्जी आणि भाकरीच्या पंगती बसल्या, ताकातली आंबील वाटायला सुरुवात झाली. शेजारच्या वाडग्यात, मेंढरांच्या कुंपणात, दोन मेंढ्या आधीच व्याल्या होत्या. कोकरं आपल्या पायावर उभी, कासेला ढुशा देत होती. एवढ्यात व्यापारी आला. त्याने मेंढ्यांच्या पाठी दाबून पाहिल्या आणि त्याचे डोळे चमकले.

बाबांची तर कळीच खुलली. "आपल्या घरची मेंढरं हायती. चांगल्या भावात जातील."

काकू ताटावरून उठली. उष्ट्या हातानेच वाडग्याच्या तोंडाशी जाऊन आडवी उभी राहिली.

"वाळली व्हती तवा माझी व्हती. आता भरली म्हून घराची झाली का? एक बी मेंढरू हलणार न्हाई."

व्यापारी गोंधळला. त्याने बाबांकडे पाहिलं, काकूकडे पाहिलं, मग पंगतीला विचारलं, "मालक कोन हाय मग?"

बाबांनी तोंड उघडलं, तेवढ्यात आंबिलीचं मडकं खाली ठेवून माझी आई म्हणाली, "तीच."

बाबा वळले आणि आईकडे बघत राहिले. आईने नजर खाली केली नाही. मला त्या क्षणी तिचा फार अभिमान वाटला.

व्यापारी रिकाम्या टेम्पोने उदगीरला परतला. बाबांनी त्या दिवशी आंबील घेतली नाही. त्यांच्या वाटणीची आईने काकूला दिली, आणि काकू ती वाडग्याशी उभ्या उभ्याच प्यायली.