साडीच्या घडीतला कागद

माझा राग आख्ख्या पेठेला ठाऊक होता. दूधवाला, रिक्षावाला, शेजारीण, कुणाशीही माझं वाजायचं. म्हणून दोन वर्षांपूर्वी दहा दिवसांच्या मौन शिबिराला गेले. श्वास बघायचा, अंगात जे उमटेल ते बघायचं, त्याच्यामागं धावायचं नाही. मी दहा दिवस तोंड बंद ठेवलं हे ऐकून नवऱ्यानं शिबिरवाल्यांना घरातूनच हात जोडले.

खोटं कशाला बोलू, फरक पडला. रोज सकाळी तासभर बसू लागले आणि भांडणं कमी झाली. पण एक गाढवपणा केला. शिकले ते पोटात ठेवायचं सोडून माहेरी जाऊन शिकवत बसले. शिरोळकडं आमचा ऊस आहे. तिथं सोप्यात बसून धाकट्या भावाला आणि वहिनीला सांगायची, धरून ठेवलं की दुःख, सोडलं की सुटका. भाऊ मान हलवायचा. मला वाटायचं, पटतंय याला. पटत होतंच, त्याच्या सोयीचं तेवढं.

वडील गेले आणि पुढच्या भाऊबीजेला तो आला. पाटावर बसला, मी ओवाळलं. त्यानं ताटात साडी ठेवली. उचलायला गेले तर घडीतून कागद निघाला.

"हक्कसोडपत्र हाय आक्का," तो म्हणाला. "वडलांच्या जमिनीतला तुझा वाटा माझ्या नावावर. सोमवारी कचेरीत येऊन तेवढी सही कर."

आमच्याकडं बहिणी करतातच ही सही. सही करायची, साडी घ्यायची, मग माहेरचं दार उघडं राहतं. न करणारीला पुढं लग्नाची पत्रिकासुद्धा येत नाही. सरळ मागितलं असतं तर मीही दिलं असतं कदाचित. पण हा हसला आणि म्हणाला, "तुला काय करायचाय ऊस? तू तर सगळं सोडल्यालं माणूस!"

तळपायाची आग मस्तकात गेली. माझंच ध्यान माझ्याच गळ्याला लावतोय, मुडदा!

तरी सवयीनं श्वास बघितला आणि "बरं" म्हटलं. घरातले म्हणाले, किती शांत झाली ही. कसली शांत? भ्याले होते मी. सही नाही केली तर आई भेटणार नाही, ही भीती. तिलाच मी मनाची समता, समता म्हणून गोंजारत होते. दुसऱ्या दिवशी बसल्यावर ते लख्ख दिसलं आणि स्वतःचाच इतका संताप आला की अर्ध्यातून उठले.

शिबिरात पहिल्याच दिवशी पाच शीलं घेतली होती. त्यातलं एक, न दिलेलं घेणार नाही. भावाला नेमकं हेच शिकवायचं राहिलं होतं. फोन लावला.

"मी माझ्या हातानं दिलं तर ते दान. तू काढून घेतलंस तर चोरी. मी सोमवारी येणार न्हाई."

"म्हंजे शिबिर पाण्यात गेलं म्हणायचं की तुझं!" म्हणाला आणि फोन ठेवला.

सोमवारी गाडी दारात उभी. भाऊ स्टेअरिंगवर, शेजारी आई. मला वाकवायला तिला आणली होती. मी गाडीच्या खिडकीशी गेले.

"कर की गं सही," आई म्हणाली. "मी बी केलती माझ्या भावांस्नी."

"खुशीनं केलतीस?"

आई हाताकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "इचारलं कुणी? अंगठा धरला, शाईत बुडवला आन टेकवला."

भावानं हॉर्न दाबला. मी दार उघडलं. "उतर आई. हितं ऱ्हा माझ्याजवळ." तिनं एकदा त्याच्याकडं बघितलं, पदर सारखा केला आणि दार आतून ओढून घेतलं.

सही मी केली नाही, करणारही नाही. रोज बसते. राग येतो तसा जातो म्हणतात. बघत बसते, हा जात नाही. मग उठून माहेरी फोन लावते. वहिनी उचलते आणि म्हणते, आई झोपल्यात. सकाळी दहा वाजता. माझी आई उभ्या जन्मात कधी सकाळी दहाला झोपलेली नाही.