साहेबांची बासुंदी आणि चाचा

इगतपुरीचे सगळे गोरे साहेब ज्या पेयासाठी वर्षभर नाताळची वाट बघत, त्या पेयाचा एक थेंबही ते करणाऱ्या माणसानं कधी जिभेवर ठेवला नव्हता. एक नाही, दोन नाही, अठरा वर्षं. साहेब लोक त्याला 'मिल्क पंच' म्हणत. आम्ही काळे कारकून आपसात 'साहेबांची बासुंदी' म्हणायचो. दिसायची तशीच. दाट, पिवळसर, वर जायफळ. फरक इतकाच, की तिच्यात अंडी असत आणि रम असे. करणारे होते चाचा, रेल्वेच्या साहेबांच्या क्लबाचे खानसामा.

मी त्या क्लबात कारकून होतो. वय बावीस, घर नाशकात पंचवटीत, घरी सोवळंओवळं कडक. साहेबांची पत्रं लिहायची आणि वाचनालयातली विलायती मासिकं नीट लावून ठेवायची, एवढंच काम. खिडकीतून मुदपाकखाना दिसे. मासिकांपेक्षा तिकडेच माझं लक्ष जास्त.

चाचांचं सगळं काम कानानं आणि डोळ्यांनी चालायचं. अंड्यांचा बलक साखरेत घोटायला घेतला, की कोणाला बोलू देत नसत. तारेच्या रवीचा आवाज आधी ओला, चिकट येई. मग तो हळूहळू कोरडा व्हायचा, रेशमी कापड हातात चोळल्यासारखा. "ऐकलं? झालं!" असं म्हणून ते रवी बाजूला ठेवत. घोटीहून आलेलं म्हशीचं दूध आटवून गार करायचं, त्यात बलक, मग साय. चमच्याची पाठ बुडवून वर काढायची, तिच्यावर बोटानं रेघ ओढायची आणि ती मोडली नाही तर मान डोलवायची. इथवर ते चाखत. मग रम, सुतासारखी धार धरून, नाहीतर अंडं फाटतं. रम पडली की चाचांची जीभ बंद. पुढचं चाखायला बारवरचा मिंगेल नावाचा गोवेकर होता. एक निकाल द्यायला तो तीन पेले घ्यायचा.

"चाचा, तुम्हाला हे करायला चालतं, मग चाखायला का नाही?" मी एकदा विचारलं.

"हात नौकरीचा हाय, बाबू," चाचा म्हणाले. "जीभ माझी हाय."

चौतीस सालचा नाताळ रमजानात आला. त्याच वर्षी नवे साहेब आले होते, आणि त्यांच्याहून नव्या मॅडम. मॅडमनी पहिल्याच आठवड्यात जाहीर करून टाकलं, की नाताळची मेजवानी मनासारखी झाली नाही, तर मुंबईहून बटलर आणणार. चाचांची खोली क्लबाच्या मागेच होती. नोकरी गेली की खोलीही जाणार होती आणि साठीच्या माणसाला इगतपुरीच्या थंडीत बाहेर पडावं लागणार होतं. त्या आठवड्यात जायफळ किसताना चाचांनी दोनदा बोट सोलून घेतलं.

आणि नेमका मिंगेल बहिणीच्या लग्नाला गोव्याला गेला.

नाताळच्या दिवशी दुपारी चार वाजता चाचांनी मला खिडकीतून खूण केली. मी गेलो. मोठं पातेलं तयार होतं, रमही पडली होती, आणि चाचांचा चेहरा उतरलेला होता.

"बाबू, साखर दोन डाव पडती. एकदा अंड्यात, एकदा दुधात. दुधातली पडली का नाय, ध्यानातच नाय. मॅडमचा शिपाई मधीच दोनदा बोलवून गेला. पहाटेपास्नं पोटात पाणी नाय, डोकं चालंना."

एरवी त्यांनी दूध आधीच चाखलं असतं. रोज्यामुळे तेही नव्हतं. हाताखालचा पुतण्या, त्याचाही रोजा. साखरेला वास नसतो, आवाजही नसतो. अठरा वर्षांत पहिल्यांदाच चाचांचे कान-नाक-डोळे सगळे बेकार झाले होते.

"गणपतला चाखायला सांगा ना!" मी म्हणालो. गणपत म्हणजे क्लबाचा शिपाई.

"दिलं होतं की," चाचा हताशपणे म्हणाले. "विचारा त्यालाच."

गणपत दारातच मिश्या पुसत उभा होता. "लय झ्याक!" तो म्हणाला.

"गोड आहे का?"

"लय गोड."

"का फिकं आहे?"

"फिकंबी हाय. आजून एक वाटी दिली तर नक्की सांगतो."

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मागे एकदा गणपतनं केलेल्या चहात दूध किंचित लागलेलं मी पहिल्या घोटात ओळखलं होतं, तेव्हापासून माझ्या जिभेला ते मान देत. पण ते मला 'चाखा' म्हणाले नाहीत. त्यांना माहीत होतं मी कोण, कुठे जेवतो. मी काकूंच्या खानावळीत जेवत असे. तिथे कांदासुद्धा चातुर्मासात दाराबाहेर थांबे.

ते काहीच बोलले नाहीत, म्हणूनच मी पेला उचलला. मागितलं असतं तर कदाचित सबब सांगितली असती.

पहिला घोट घशातून उतरला तेव्हा आपल्याला तिथल्या तिथे काहीतरी होईल असं वाटलं. काही झालं नाही. उलट फार छान लागलं, हे इथे प्रामाणिकपणे कबूल करतो. "साखर नाही पडली, चाचा," मी म्हणालो. त्यांनी पाक करून गार केला, घातला, ढवळलं. मी पुन्हा चाखलं. अजून थोडा हवा होता. पुन्हा चाखलं. मग बरोबर झालं, पण खात्रीसाठी एकदा चाखलं. मिंगेल तीन पेले का घ्यायचा हे मला त्या दिवशी समजलं.

संध्याकाळी मेजवानी रंगली. चाचा खजुरानं रोजा सोडून, पांढरा पोशाख चढवून भिंतीशी उभे होते. पंच संपत आला होता. साहेब खुशीत आले, एक पेला भरला आणि सगळ्यांच्या देखत चाचांपुढे धरला.

"हुजूर, माफी," चाचा म्हणाले. "मैं नहीं पीता. कभी चखा भी नहीं."

साहेब हसले. मॅडम मात्र हसल्या नाहीत. "चखा नहीं? बिना चखे हमको पिलाया?" त्यांनी हातातला पेला खाली ठेवला. "किसने चखा?"

चाचांनी वाचनालयाच्या दाराकडे पाहिलं. मॅडमनी पुन्हा विचारलं. चाचांनी मान खाली घातली. त्या दारात आमचे हेडक्लार्क उभे होते आणि ते काकूंच्याच खानावळीत माझ्या शेजारच्या पाटावर बसत, हे चाचांना ठाऊक होतं. अठरा वर्षांची नोकरी, डोक्यावरचं छप्पर, सगळं जात होतं, आणि हा माणूस माझा पाट वाचवत उभा होता. मला भयंकर लाज वाटली.

"मी चाखला, मॅडम," मी पुढे होऊन म्हणालो, आणि मग इंग्रजीत पुन्हा म्हणालो. त्यातलं धैर्य माझं किती आणि रमचं किती, हे मला आजही ठरवता येत नाही.

"किती वेळा?" साहेबांनी विचारलं.

"चार वेळा, सर."

साहेब इतके हसले की त्यांचा चष्मा पडला. मॅडमनी माझ्या पायांकडे निरखून पाहिलं. ते फारसे स्थिर नसावेत, कारण त्यांनाही हसू फुटलं आणि त्यांनी पेला पुन्हा उचलला. मुंबईच्या बटलरचं नाव त्यानंतर कोणी काढलं नाही.

माझ्या आधी हेडक्लार्क खानावळीत पोचले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू दारातच उभ्या होत्या. वाईट बाई नव्हत्या. डोळ्यांत पाणी होतं. "उद्यापासून नको हो, आजपासूनच दुसरीकडे बघा," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे आणखी चार माणसं जेवतात. तीही उठून जातील."

मी उपाशी कामावर गेलो. चाचांना गणपतनं सांगितलंच असणार. ते बाजारात गेले आणि पितळेचं नवं कोरं, कल्हई केलेलं पातेलं घेऊन आले. व्हरांड्याच्या कोपऱ्यात तीन विटांची वेगळी चूल मांडली. गणपतकडून विहिरीचं पाणी आणवलं आणि वरणभात लावला. कांदा नाही, लसूण नाही. वर लिंबू. रोजा होता, तेव्हा चाखलंही नाही. मीठ अगदी बरोबर होतं.

"चाचा, मी अंडं खाल्लंय. रम प्यायलोय. आता हे वेगळं पातेलं कशाला?"

"ते माझ्या इज्जतीसाठी खाल्लं तुम्ही," ते म्हणाले. "हे तुमच्या आईसाठी हाय. ती तिथं नाशकात समजती, पोरगं नीट जेवतंय."

आमच्या घरच्या सोवळ्याला अंड्याहून चाचांचा हातच जास्त बाटवणारा होता. हे मलाही कळत होतं आणि त्यांनाही. दोघांनीही ते कधी तोंडातून काढलं नाही. दोन वर्षं मी त्या कोपऱ्यात जेवलो. इतक्या मायेनं मला आईखेरीज कोणी वाढलेलं नाही.

मग माझी भुसावळला बदली झाली. गाडीवर पोचवायला चाचा आले ते फडक्यात ते पातेलं बांधून. घासूनपुसून लखलखीत केलेलं.

"घ्या बाबू. ह्याच्यात माझं कधी काय शिजलं नाय. लगीन झालं की बायकोला सांगा, बिनघोर वापर म्हणावं."

गाडी हलली तेव्हा मी खिडकीतून त्यांचा हात धरला होता, तो त्यांनीच सोडवून घेतला.

चाचांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. लग्न झाल्यावर बायकोला मी सगळं खरं सांगितलं, पंचासकट. ती ऐकून उठली आणि त्या पातेल्यात तिनं वरण लावलं. आमच्याकडे आता अंडी होतात, मुलांना आवडतात. पण ती आम्ही दुसऱ्या भांड्यात करतो. चाचांच्या पातेल्यात अजूनही फक्त वरणच शिजतं.