फक्त निळ्या ‘ई’त उघडणारं पान

माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील परभणीकडच्या एका गावात शिंपीकाम करायचे, आई त्यांना काजं करून द्यायची. कौतुक करून घ्यायला हे सांगत नाही. जे शिकले ते कष्टाने शिकले, आणि असं शिकलेलं मी सहज सोडत नाही, एवढंच.

नोकरी लखनऊच्या एका संशोधन संस्थेत लागली. लग्न केलं नाही. त्याची कारणं इथे सांगण्यासारखी नाहीत. संस्थेत संगणक आले तेव्हा मी आपणहून शिकले आणि इथल्या मराठी मंडळासाठी इंटरनेटवर एक पान तयार केलं. तेव्हा संगणकावर मराठी दिसणं हीच मोठी खटपट होती. मी पानाला एक फॉन्ट असा जोडला होता की पान उघडलं की ब्राउझर तो आपोआप ओढून घ्यायचा आणि मराठी अक्षरं उमटायची. ब्राउझर म्हणजे तोच, निळ्या ‘ई’चा. आमच्या ऑफिसात सगळीकडे तोच होता. दुसरा असतो हेच मला ठाऊक नव्हतं.

पानावर गणपतीचा कार्यक्रम, हळदीकुंकवाची तारीख, आणि सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत: ‘लखनऊला नवीन आलात? फोन करा.’ त्याखाली माझा नंबर.

आणि फोन यायचे! रेल्वेतले, बँकेतले, विद्यापीठातले. बदली होऊन आलेले, बावरलेले. “ताई, तुमचं पान पाहिलं. इथे ज्वारीचं पीठ कुठे मिळतं हो?” मी पत्ता सांगायचे आणि म्हणायचे, ते राहू द्या, रविवारी जेवायलाच या. मग रविवार भरायचे. मुलं माझ्याशी हिंदीत भांडायची, आया मराठीत रागवायच्या, आणि वर्षा-दोन वर्षांनी बदली झाली की नवीन कोणीतरी यायचं. माझं एकटीचं घर या येण्याजाण्यावर चाललं होतं.

ऑफिसात शेजारच्या टेबलावर एक लखनवी गृहस्थ होते. फार गोड बोलून टोचायचे. एक दिवस त्यांनी कोल्ह्याचं चित्र असलेला ब्राउझर घेतला, पुढे रंगीत गोलाचा. “दीदी, आपका ‘ई’ अब बुज़ुर्ग हो गया है. लोग उसे बस एक बार खोलते हैं, दूसरा ब्राउज़र डाउनलोड करने के लिए.”

“चलता है ना? चालतंय त्याला कशाला हात लावायचा?” मी म्हटलं.

“चल तो हमारे ताऊजी भी रहे हैं, दीदी.”

मी हसले नाही. ‘ई’ माझा होता. त्याच्यात माझं पान लख्ख दिसत होतं, आणि मी ते रोज सकाळी उघडून बघत होते.

हळूहळू फोन कमी झाले. मग बंदच झाले. मी मंडळाच्या सभेत सांगितलं की हल्ली मराठी माणूस लखनऊला बदली घेत नाही, पुण्या-बंगळूरच्या पुढे बघतच नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळे म्हणजे आम्ही जुनेच. आरतीला टाळ जास्त आणि माणसं कमी, अशी गत झाली. निवृत्त झाले, लखनऊतल्याच वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत राहायला आले, तिथेही रविवारी एकटीसाठी कुकर लावताना मी हेच मनाशी म्हणत असे. येतच नाही कोणी, त्याला आपण काय करणार.

एकदा भाजीच्या ठेल्यावर मागून आवाज आला, “मेथी नको गं, शिळी दिसतेय.” आणि मुलीचं उत्तर, “तो पालक ले लो ना मम्मी.”

मी वळलेच. “तुम्ही मराठी?”

जळगावच्या होत्या. यजमान रेल्वेत इंजिनिअर. माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून राहत होत्या, तीन वर्षं झाली म्हणाल्या.

“अहो, मग मंडळाचं पान नाही पाहिलंत?”

“पाहिलं ना, आल्या आल्या. हे म्हणाले, कोणीतरी हॅक केलंय, बंद कर.”

हॅक! मला राग आला. तशीच त्यांच्या घरी गेले. त्यांनी लॅपटॉप उघडला. मंडळाच्या पानावर इंग्रजी अक्षरं, डॉलर, कंस, ठिपके यांचा नुसता चिवडा. त्यांच्या ब्राउझरने माझा फॉन्ट ओढलाच नव्हता. मुलगी वाकून म्हणाली, “आंटी, ये कौन सी लैंग्वेज है?” खाली एक ओळ होती. ती काय आहे ते मलाच माहीत होतं: ‘हे पान नीट दिसत नसल्यास निळ्या ई-मध्ये उघडावे.’ ही सूचना मी त्याच फॉन्टमध्ये लिहिली होती.

त्या सगळ्यात एकच गोष्ट सरळ वाचता येत होती. माझा नंबर.

“हो, तो पाहिला होता,” बाई ओशाळून म्हणाल्या. “हे म्हणाले, त्या नंबरला चुकूनही फोन करू नकोस.”

आम्ही दोघी हसलो. मग त्यांनी चहा ठेवला आणि सांगितलं की त्यांची बदली झाली आहे, महिनाअखेरीस निघणार. त्याआधीचे रविवार त्या आल्या. मी पिठलं-भाकरी केली, मुलीने नाक मुरडत दोनदा मागून घेतली. जाताना दारात म्हणाली, “आंटी, आप इतने पास रहती थीं!”

त्या गेल्यावर मी सगळं पान नव्या पद्धतीने, कुठेही वाचता येईल असं टाइप केलं. माझ्या जुन्या संगणकावर ‘ई’ दाबला तर आता त्याच कंपनीचा नवा ब्राउझर उघडतो, त्यातसुद्धा ते दिसतं. मंडळाच्या सेक्रेटरींना कळवलं. ते म्हणाले, “ताई, पान कोण बघतं हल्ली? ग्रुपवर टाका ना.”

टाकलं. ‘लखनऊला नवीन आलात? फोन करा.’ लगेच उत्तरं आली, जोडलेले हात, एकाखाली एक. बरेचसे नंबर माझ्या ओळखीचे नव्हते. इथलेच असतील. त्यातल्या एकीला मी विचारलं, कुठे राहता? तिने पुन्हा हात जोडले.