लाल रेघेखालचा साठा

पाण्याच्या टाकीपाशी भावोजी तिसऱ्यांदा थांबले. खिशातून मोबाईल काढला, पाहिला, परत ठेवला. त्या दिवशी बस बंद होत्या. रुग्णालयापासून आमच्या वस्तीपर्यंत दीड तासाची पायपीट, त्यातली निम्मीसुद्धा सरली नव्हती. मी पाहते आहे हे कळल्यावर त्यांनी रस्त्याकडेच्या कठड्यावर खडे मांडायला घेतले.

"हे बघ धाकटे, हा आपला तळ. ही सात यानं. वसाहतीतली माणसं यात बसतायत. आणि ही खिंड."

"भावोजी, लोक बघतायत."

"बघू देत. चौदाव्या मिनिटाला शत्रू खिंडीतून येणार असं सगळ्यांना वाटतं. येतो, पण थोडासा. खरा येतो मागून, खाणीच्या तोंडातून."

मला त्या संगणकावरच्या खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण ऐकत होते. माझी थोरली बहीण मला धाकटी म्हणायची. ती गेल्यावर त्या नावाने हाक मारणारे हे एकटेच उरलेत.

आम्ही दोघं एकाच रुग्णालयात. मी धुलाई विभागात, आणि ते तळघरातल्या औषध भांडाराचे प्रमुख, एकतीस वर्षं. भांडारातल्या प्रत्येक फळीमागे भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हाताने लाल रेघ ओढली आहे. माल त्या रेघेखाली गेला की अधीक्षकांच्या सहीशिवाय कापसाचा बोळाही बाहेर पडत नाही. परिचारिका त्यांना मागून 'लाल रेघ' म्हणतात. एकीने तर तोंडावरच विचारलं, "काका, मेल्यावर वर घ्यायलासुद्धा सही लागेल का हो?"

"वरचं भांडार कुणाकडे आहे त्यावर आहे," भावोजी म्हणाले आणि पावती फाडली.

हसावं तेवढं थोडं, पण कारखान्यात भडका उडून एका दुपारी चाळीस भाजलेली माणसं आली, तेव्हा रात्रीपर्यंत मलमपट्टी पुरली ती त्या रेघेमुळेच. हेही खरं आहे म्हणून लिहिते.

तर हा खेळ. भाची शाळेत होती तेव्हा त्यांच्या घरी एक जाडजूड संगणक आला. परक्या ग्रहावर तळ बांधायचा, खनिज खोदायचं, त्यातून तोफा आणि यानं करायची आणि शत्रू येण्याआधी सगळं मांडून ठेवायचं. शत्रू काही आपली पाळी येईपर्यंत थांबत नाही, घड्याळ सतत चालू. बापलेक त्यात बुडाले की बहीण दारातून ओरडायची, "तुमची ताटं त्या ग्रहावर पाठवू का?"

मग बहीण आजारी पडली. सात आठवडे तिसऱ्या मजल्यावर होती. भावोजी जेवणाच्या सुट्टीत वर यायचे, काम सुटल्यावर यायचे, पण रजा एका दिवसाचीही घेतली नाही. डॉक्टर म्हणाले होते, घरी नेल्यावर सहा महिने कुणीतरी सतत लागेल. तेव्हा लागेल म्हणून त्यांनी सगळी रजा राखून ठेवली. बहीण घरी आलीच नाही. मंगळवारी सकाळी अकरा वाजता ती गेली तेव्हा हे तळघरात सलाईनच्या बाटल्या उतरवून घेत होते.

भाचीने ते मनात धरलं. लग्न होऊन दूरच्या शहरात गेली आणि बापाशी बोलायचं ते माझ्यामार्फत. दोन वर्षं मी निरोप्याचं काम केलं. देवाला रोज एवढंच म्हणायचे की हे काम माझ्याकडून काढून घे.

यंदा तिला दिवस राहिले आणि सातव्या महिन्यात डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं. नवरा कामावर, ही दिवसभर अंथरुणात. एकदा फोनवर सहज म्हणाली, "मावशी, तो जुना खेळ पुन्हा काढलाय. पण विसरले गं सगळं."

मी ते वाक्य जसंच्या तसं भावोजींना सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वही आणून माझ्यापुढे ठेवली. मी पानांचे फोटो काढून पाठवू लागले. 'मोहीम चौथी. तोफांची घाई नको. आधी दोन खोदयंत्रे, मग टेहळणी यान. शत्रू कुठे आहे ते कळल्याशिवाय तोफ बांधणे म्हणजे रोग न तपासता गोळी देणे.' 'मोहीम सातवी. दुरुस्तीच्या गाडीवर वेगळा पहारा ठेवावा. ती गेली की बाकीचे किती टिकणार?' आणि प्रत्येक पानाच्या तळाशी, लाल शाईने: 'खनिजाचा साठा पाचशेच्या खाली जाऊ देऊ नये.'

दहा मोहिमा ती जिंकली. अकरावीला अडली. मग मला तिचा संदेश आला: 'मावशी, त्यांना सांग, त्यांच्या पद्धतीने खेळलं की गोदाम भरलेलं राहतं आणि माणसं जातात. नेहमीसारखंच.'

मी शेवटचा शब्द गाळून वाचून दाखवला. त्यांनी माझ्या हातातून मोबाईल घेतला आणि स्वतः वाचला. चष्मा काढून पुसला. "बरोबर आहे तिचं," एवढंच म्हणाले.

ही गोष्ट चार दिवसांपूर्वीची. आता कठड्यावरचे खडे सरकवत ते सांगत होते, "काल सुट्टी होती. अकरावी मोहीम सकाळपासून नऊ वेळा हरलो. नऊही वेळा पाचशेचा साठा शाबूत. दहाव्यांदा काय केलं, बाराव्या मिनिटाला सगळा मोकळा केला. तोफा खाणीच्या तोंडाशी, उरलेलं ढालीवर. साठा शून्य."

"मग?"

"सातही यानं माणसं घेऊन उडाली. आणि उडाली की मोहीम संपते, धाकटे. मागे किती उरलं ते कुणी विचारतच नाही."

"ते तिला लिहा की."

"लिहिलं. आज दुपारी. माझ्या मोबाईलवरून."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की हे सारखे का थांबतायत. मी मनातल्या मनात हात जोडले आणि वरवर म्हटलं, "चला आता, चालत राहिलं तरी संदेश येतो."

लोहाराच्या दुकानापुढून जाताना तो आला. तिथल्या ठोकाठोकीत मला ऐकूही आला नाही, त्यांना आला. मोबाईल माझ्यापुढे धरला. "तू वाच."

"चष्मा आहे ना नाकावर?"

"आहे. तू वाच."

मी वाचला. 'जमलं. सातही उडाली. बाबा, तुम्ही शून्यावर आलात?' त्याखाली थोडी जागा सोडून आणखी एक ओळ: 'मी इथे दिवसभर एकटीच असते.'

त्यांनी दोनदा वाचायला लावलं. "हे कशाला लिहिलं तिने? मला ठाऊक आहे की एकटी असते."

"भावोजी, एकतीस वर्षं भांडार सांभाळताय आणि समोर आलेलं मागणीपत्र ओळखता येत नाही?"

शाळेची भिंत संपली, पेट्रोल पंप मागे पडला. मग म्हणाले, "चाव्या कुणाकडे द्यायच्या?"

"तुमच्या हाताखालची बाई नऊ वर्षं तिथे आहे."

"ती रेघ पाळेल?"

"रेघा भिंतीवर आहेत. तुमच्यामागे गाडीत चढून येणार नाहीत."

हसले. किती दिवसांनी. माझ्या घराचं वळण आलं तरी ते तिथेच उभे. आठ महिन्यांनी ते निवृत्त होणार, आणि राखलेली रजा त्या दिवशी बुडणार, हे मलाही ठाऊक होतं आणि त्यांनाही.

"धाकटे, तुझं अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले. "मला रजेचा अर्ज लिहून दे. मी कधी लिहिलेला नाही गं, मायनासुद्धा येत नाही."

"देते. किती दिवसांचा लिहू?"

"असेल तेवढी सगळी लिही. शिल्लक काही ठेवू नकोस."