बाबलचं दुसरं नाक

दशावतारात बाबल राणीचा पार्ट करायचा. राजाशी भांडतानासुद्धा त्याचं तोंड प्रेक्षकांकडेच असे. लोकांना ती ऐट वाटायची. मी त्याच कंपनीत पेटी वाजवायचो, म्हणून मला खरं कारण ठाऊक होतं. नाकावरचा उंचवटा बाजूने दिसू नये, एवढंच. "समोरून राणी, बाजून गरुड," असं तो म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

मग नाटकं मोबाईलवर दिसू लागली. कॅमेरा बाजूनेही बघतो. व्हिडिओखाली लोक त्याच्या नाकाची थट्टा लिहू लागले. मालकही एकदा सगळ्यांदेखत बोलले, "बाबल, ह्या नाकाचा कायतरी कर मरे." त्या दिवशी बाबल हसला नाही. फोंडाघाट चढून कोल्हापूरला गेला आणि उंचवटा तासून आला.

सूज उतरल्यावर नाक खरोखरच सुरेख दिसलं. पण हळूहळू मधला भाग खचत गेला. जोरात श्वास ओढला की नाकपुड्या आत चिकटायच्या. एका दमात म्हणायचं पद तो मध्येच तोडू लागला. मी सूर लांबवून झाकत राहिलो. "नाक बघूक बरा आसा रे, पण वारो आत जाणा नाय," तो म्हणाला.

मी त्याला पुण्याला घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाई स्पष्टच बोलल्या, "पहिल्या वेळी जास्त काढलंय. आत आधारच उरला नाही. बरगडीची कूर्चा घेऊन नवा कणा घालू. श्वास सुटेल, पण नाक रुंद आणि ताठ होईल. आधी आतले व्रण मऊ होऊ देत. वर्षभर थांबा."

बाबल जपून, शुद्ध मराठीत म्हणाला, "मग पहिलं होतं तसंच करून द्या."

"ते आता कुणालाच जमणार नाही."

त्या वर्षात राणी दुसऱ्याकडे गेली. मालक बाबलला म्हणाले, "आताच्या नाकाक राक्षसच शोभता." त्याने कंपनी सोडली.

शस्त्रक्रिया चांगली झाली. आम्ही एसटीने तळेऱ्याला उतरून त्याच्या घरी गेलो. कोल्हापूरच्या त्या फेरीनंतर तो पहिल्यांदाच घरी येत होता. त्याची आई दोन्ही डोळ्यांनी अंध. सवयीने तिने लेकाच्या तोंडावरून हात फिरवला. नाकाशी आल्यावर हात थांबला.

"कोण रे तू?"

"आये, मी बाबल."

"आवाज माज्या झिलाचो आसा," ती माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "पण ह्यो कोण?"

मी सगळं समजावलं. तिने मान हलवली, पण हात पुन्हा पुढे केला नाही.

बाबल आता गोव्यात हॉटेलात आहे. रोज फोन करतो आणि आई त्याच्याशी पोटभर बोलते. घरी मात्र तो येत नाही. मी एकदा खूप आग्रह केला, तेव्हा म्हणाला, "नको रे. फोनवर मी तिचो झील आसंय."